डागांचा हिशेब

दिवाळी तोंडावर आली की आपल्या घराघरांत एक गमतीची विसंगती सुरू होते. ती आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. घरातली वडीलधारी मंडळी जुनेपणाच्या हात धुऊन मागे लागतात. भिंतींवरचे पावसाळी ओघळ, दारांच्या कडांना लागलेले तेलकट हातांचे ठसे, स्वयंपाकघराच्या छताची काजळी, साऱ्यांवर चुन्याचा नाही तर रंगाचा हात फिरतो. आणि त्याच घराच्या अंगणात पोरेसोरे किल्ला करीत असतात व आदल्या दिवशी थापलेला मातीचा बुरूज तीनशे वर्षांचा दिसावा म्हणून जिवाचे रान करतात. गेरूत राख मिसळतात, कोळशाची पूड पाण्यात कालवून तटावरून तिचे ओघळ सोडतात, उतार हिरवा व्हावा म्हणून हळीव पेरतात. एकाच घरात, एकाच दिवशी, एक पिढी डाग पुसत असते आणि दुसरी पिढी डाग काढीत असते. आपण सणाचेच काम करतो आहोत, असे दोघींनाही वाटत असते.

पोरांच्या या उद्योगाला मोठ्यांच्या जगातही एक भाऊबंद आहे. विमाने, आगगाड्या, जहाजे, रणगाडे यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जुळवण्याचा छंद जगभर पसरलेला आहे. प्लास्टिकच्या सुट्या भागांचे पहिले संच १९३६ साली इंग्लंडात 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' या नावाने बाजारात आणले. पुढे कैक वर्षे लोक हे भाग चिकटवीत, कागदावर सांगितलेला रंग लावीत आणि कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले दिसणारे विमान कपाटात ठेवून समाधान मानीत. पण नुसत्या चकचकीत वस्तूने काहींचे मन भरेना. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी 'मोनोग्राम' कंपनीच्या संचांसाठी देखावे तयार केले. ते कसे केले याची माहितीपत्रके त्या खोक्यांतून घरोघर गेली. बेल्जमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनीही मळलेल्या, झिजलेल्या, उन्हापावसाने उडालेल्या रंगांची तऱ्हा नावारूपाला आणली. आज या कामाला छंदी लोक 'वेदरिंग' म्हणतात. ऊनवारा लावणे, असे आपण म्हणू.

त्याची रीत मोठी मजेची आहे. मूळ रंग वाळला की त्यावर आधी चकाकीच्या व्हार्निशचा हात द्यायचा. मग तपकिरी किंवा काळा तेलरंग टर्पेंटाइनमध्ये इतका पातळ करायचा की तो रंग न राहता रंगीत पाणीच व्हावे. याला म्हणतात 'वॉश'. ब्रशाचे टोक एखाद्या खाचेला नुसते टेकवावे, की दिव्याच्या वातीत तेल चढते तसे ते पाणी खाचेतून आपसूक धावत जाते. वर सांडलेले पुसून घ्यायचे, खाचेत राहिलेले राहू द्यायचे. खोलगट जागा अशा काळवंडल्या की उंचवट्यांची पाळी. ब्रशावर फिका रंग घ्यायचा, तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेल्या कोरड्या ब्रशाने कडांवरून अलगद फिरवायचे. रंग उडालेला दाखवायचा असेल तर तळाशी गंजाचा रंग द्यायचा, तो पक्का झाल्यावर ओल्या जागी मिठाचे खडे चिकटवायचे, त्यावर वरचा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचे. मिठाखाली झाकलेला गंज उघडा पडतो. धुळीसाठी रंगीत खडूची पूड चालते. लोखंडाला हात लागून लागून आलेली चकाकी हवी असेल, तर साध्या शिसपेन्सिलीचे शिसे बोटाने घासले की झाले. शेवटी सर्वांवर चकाकी मारणाऱ्या व्हार्निशचा एक हात.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आठ-दहा मुले या नादाला लागली आहेत. त्यांना महागडे संच परवडत नाहीत. पुठ्ठा, डब्यांचा पत्रा, बॉलपेनच्या नळ्या आणि रिकाम्या काडेपेट्या यांतून त्यांचा कारखाना चालतो. एके दिवशी हा उद्योग पाहून आमच्या गणिताच्या शिक्षकांनी कपाळाला आठी घातली. ते म्हणाले, "वस्तू नवी, आणि तिच्यावर गंज खोटा, धूळ खोटी, झीज खोटी. झीज ही कमवावी लागते, गुरुजी. जी वस्तू एक दिवस कामाला गेली नाही तिच्या अंगावर चाळीस वर्षांच्या कामाच्या खुणा काढायच्या, ही लबाडी नव्हे तर काय? आणि ही आपण पोरांना शिकवतो."

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ मी अभ्यासलेले नाहीत. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्याचाही धंदा तोच. ज्या म्हाताऱ्याला आईने कधी जन्म दिला नाही, त्याच्या कपाळावर सुरकुत्या काढायच्या आणि वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायचे! तेव्हा गणिताच्या गुरुजींना दिलेले उत्तर मला स्वतःलाही द्यावे लागणार होते.

पहिले उत्तर सोपे आहे, आणि ते गणिताच्याच भाषेत देता येते. आमच्या एका विद्यार्थ्याने 'एकास पंचवीस' या प्रमाणात आगगाडीचे इंजिन केले. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात पावणेसात सेंटिमीटरांचा होतो. इंजिन लहान झाले, माणूस लहान झाला. पण सूर्य मात्र लहान झाला नाही आणि आपला डोळाही लहान झाला नाही. खऱ्या इंजिनाच्या दोन पत्र्यांमध्ये पाच मिलिमीटरची फट असेल तर तिच्यात काळीशार सावली बसते. प्रतिकृतीत तीच फट पाचव्या हिश्शाच्या मिलिमीटरची होते आणि तिच्यात सावली मावतच नाही. शिवाय प्रतिकृती आपण एक फुटावरून पाहतो, ते खरे इंजिन पंचवीस फुटांवरून पाहण्यासारखे असते. आणि लांबून पाहिलेला काळा रंग तितका काळा दिसत नाही. म्हणून खऱ्या इंजिनाच्या डब्यातला रंग जसाच्या तसा प्रतिकृतीला फासला तर ती खोटी दिसते, खेळण्यासारखी दिसते. जी सावली प्रकाशाने पाडायची ती ब्रशाने पाडावी लागते. म्हणजे येथे लबाडी आधी लहानपणाने केलेली असते. रंगाचे पाणी ती दुरुस्त करते.

दुसरे उत्तर असे, की खोटेपणा हा डागात नसतो, तो सांगण्यात असतो. नवी पितळी मूर्ती आम्लाने काळवंडवून, जमिनीत पुरून, हिरवट चढवून 'पुरातन' म्हणून विकणारे लोक आहेत. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते आणि तिच्या व्यवहारावर बंधने येतात. त्या शंभर वर्षांना बाजारात किती मोल आहे, हे खोटी मूर्ती करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. त्याचा डाग फसवण्यासाठीच असतो. पण तळहातावर मावणाऱ्या इंजिनाने कोण फसणार आहे? शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीतला मुलगा केसांना खडूची पूड लावून आजोबा होतो, तेव्हा त्याची आईसुद्धा टाळ्या वाजवते. तिला आपला मुलगा म्हातारा झाला असे वाटत नाही. पाहणाऱ्याला ठाऊक आहे आणि करणाऱ्याला ठाऊक आहे, तिथे लबाडी राहायला जागाच नाही.

ही दोन उत्तरे मी गणिताच्या गुरुजींना दिली आणि त्यांनी ती मान हलवून ऐकूनही घेतली. पण माझेच समाधान झाले नाही, आणि त्याला कारण झाली एक विजार. आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने दिवाळीसाठी घेतलेली नवी जीनची विजार गुडघ्यांवर विटलेली, मांड्यांवर झिजलेली होती आणि त्या झिजेपायीच ती महाग होती. त्या विजारीनेही कुणी फसत नव्हते. तो तरुण खाणीत राबलेला नाही हे दुकानदाराला ठाऊक, त्या तरुणाला ठाऊक आणि आम्हां शेजाऱ्यांना तर फारच चांगले ठाऊक. तरीही तिच्यात काहीतरी खुपत होते. मागे वाचलेली एक हकीकत तेव्हा आठवली. असे कापड झिजवण्याचा एक मार्ग म्हणजे त्याच्यावर जोराने वाळूचा फवारा मारणे. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण मजुरांच्या फुप्फुसांत ती बारीक धूळ बसली आणि खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस हा रोग त्यांना झाला. कित्येक दगावले. अखेर २००९ साली त्या देशाने कापडावर वाळू मारण्यास बंदी घातली. श्रम न करणाऱ्याच्या अंगावर श्रमाच्या खुणा दिसाव्यात, म्हणून दुसऱ्या कुणाचे तरी श्रम आणि श्वास खर्च झाले!

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आम्ही आतापर्यंत फक्त दोघांचा विचार करीत होतो: डाग काढणारा आणि डाग पाहणारा. पण प्रत्येक डागाला एक तिसरा माणूस असतो. ज्याच्या हातून, ज्याच्या पायांखाली, ज्याच्या आयुष्यात तो डाग खरोखर पडला तो. त्याला कुणी विचारले होते काय? हा तिसरा माणूस मला पुढे प्रत्यक्षच भेटला. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी आमच्या विद्यार्थ्याने केलेले इंजिन कोणते, ते सांगितले पाहिजे.

नागपूरकरांना छोट्या गाडीची ओळख करून देण्याचे कारण नाही; बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आपल्या मोठ्या लोहमार्गाच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटरांचे अंतर असते, तर या छोटीच्या रुळांत अवघे ७६२ मिलिमीटरांचे, म्हणजे अडीच फुटांचे. सातपुड्याच्या अंगाखांद्यांवर या अडीच फुटी रुळांचे मोठे जाळे होते. नागपूरहून सावनेर, सौंसर, रामाकोना करीत ती घाट चढे आणि भिमालगोंदी, उमरानाल्यावरून छिंदवाड्याला जाई. दुसरी नागभीडला जाई. शाळामास्तर, तेंदूपत्त्याचे मजूर, संत्र्यांच्या टोपल्या, सासरी निघालेल्या मुली, साऱ्यांना तिने पाठीवर घेतले. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५च्या अखेरीस थांबली, नागभीडची २०१९ साली. मार्ग रुंद करण्यासाठी ते रूळ उखडले गेले. मोतीबागेत २००२ साली उघडलेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. आता या गाडीची खरी इंजिने पाहायची तर तिथे जावे. आमच्या विद्यार्थ्याने तिथे जाऊनच मापे घेतली आणि महिना-दोन महिने खपून पुठ्ठ्या-पत्र्याचे वाफेचे इंजिन उभे केले. त्याचे रूळ तीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक रुंद.

मग त्याने त्याला ऊनवारा लावला. काजळी दिली, गंज दिला आणि बाष्पकाच्या कुशीवरून खाली पांढरे ओघळ सोडले. पाण्यातले क्षार वाळून वाफेच्या इंजिनांवर असे ओघळ येतात, आणि जुन्या छायाचित्रांत ते दिसतातही. काम मोठे सुबक होते. ते त्याने आपल्या शेजारच्या आजोबांना दाखवायला नेले, तेव्हा मीही सोबत होतो. हे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. १९७०च्या दशकात छोट्या गाडीच्या शेडमध्ये ते क्लीनर, म्हणजे इंजिने पुसणारे, म्हणून लागले. पुढे फायरमन झाले, आणि वाफ जाऊन डिझेल आले तेही त्यांनी पाहिले.

काकांनी चष्मा लावला, इंजिन डोळ्यांजवळ धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या पांढऱ्या ओघळावर बोट ठेवून म्हणाले, "काहून रे बाबू, हे काय आहे?"

"आजोबा, क्षार आहेत पाण्याचे. जुन्या इंजिनांवर असतात. मी फोटोत पाहिलं."

"असतात ना. ज्याचा जोड गळते त्याच्यावर असतात. माझ्या इंजिनावर नव्हते. पहाटे चार वाजता उठून तेलाच्या बोळ्यानं पुसत होतो मी त्याले. तू हा डाग इंजिनावर नाही काढला रे, माझ्यावर काढला."

मुलगा खट्टू झाला. म्हणाला, "मग सगळं चकचकीत करून टाकू का?"

"चकचकीत काहून करतं? कोळशाचं इंजिन होतं ते, देव्हारा नव्हता." आणि मग काकांनी एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. कोळशाच्या खणापाशी काळे हवे, कारण फावड्याखालून चुरा तिथेच सांडे. धुराड्याच्या मागच्या अंगाला काजळी अधिक हवी, पुढे कमी. चढायच्या पायरीवर मधोमध रंग उडालेला हवा, कडेला नको. कडेला पाय कोण ठेवतो? "अन् हा दांडा," इंजिनात चढताना धरायच्या उभ्या दांड्यावर त्यांनी नख टेकवले, "हा चमकला पाहिजे. दर टेसनावर धरत होतो याले. उन्हाळ्यात फोड येत होते हातावर."

मुलाने टर्पेंटाइनच्या बोळ्याने ओघळ पुसला. तेलरंग अजून पुरता वाळला नव्हता. दांड्यावर त्याने शिसपेन्सिलीचे शिसे घासले. काकांनी पुन्हा चष्मा लावला.

त्या संध्याकाळी मला माझ्या प्रश्नाचे तिसरे उत्तर मिळाले. डाग ही साक्ष असते. साक्ष दोन तऱ्हांनी खोटी होते. जिथे कुणीतरी काळजी घेतली तिथे घाण दाखवणे ही निंदा आहे. आणि जिथे कुणीतरी राबले तिथे चकचकीतपणा दाखवणे हा कृतघ्नपणा आहे. ज्याने सर्वत्र सारखा गंज फासला आणि ज्याने सर्वत्र सारखा लकाकता रंग फासला, ते दोघे वरवर एकमेकांच्या उलट दिसले तरी एकाच जातीचे. दोघांनीही विचारलेले नाही. ज्याने विचारले, त्याच्या हातचा खोटा डागसुद्धा खरा होतो, कारण त्यामागे एक खरा हात असतो. झीज कमवावी लागते, हे गणिताच्या गुरुजींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. प्रतिकृतीची झीज मात्र राबून कमवता येत नाही, ती विचारून कमवावी लागते.

हीच कसोटी मला इतरत्रही उपयोगी पडते. रणगाड्यांच्या प्रतिकृती करणारे लोक चिखल, गंज, गोळ्यांचे ओरखडे मोठ्या हौसेने रंगवतात. १९६५च्या युद्धात आपल्या सैन्याने पकडलेले पॅटन रणगाडे देशात ठिकठिकाणी उभे करून ठेवले आहेत. त्यांचीही प्रतिकृती कुणी करतो. तिच्या पत्र्यावर जळाल्याचा काळा डाग काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पण त्या खऱ्या डागाच्या आत माणसे बसलेली होती. ती शत्रूची असली तरी कुणाची तरी मुले होती. डाग काढू नये असे मी म्हणत नाही. तो काढताना हात क्षणभर थांबावा, एवढेच म्हणतो. तो थांबला नाही तर युद्धाची शोभा तेवढी उरते आणि युद्ध निसटते.

आणि आता अंगणातल्या किल्ल्याकडे वळू. आपले दिवाळीचे किल्ले नीट पाहिले तर त्यांत दोन काळ एकमेकांत मिसळलेले दिसतात. तट ढासळलेला, बुरुजांवर काजळी, पायऱ्यांतून गवत. आणि माथ्यावर मात्र सिंहासनावर छत्रपती बसलेले, भोवती मावळे, तोफांवर गोलंदाज. रायगडावर राज्याभिषेक झाला तो १६७४ साली. त्या दिवशी तो गड नवा होता, नांदता होता. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी त्याच्यावर आग ओतली आणि वरचे वाडे जळाले. आज आपण जे जोते पाहतो ते त्यानंतरचे. म्हणजे पोरे महाराजांना अशा गडावर बसवतात, जो जळताना पाहण्याची वेळ महाराजांवर कधी आलीच नाही. कुणी पंडित म्हणेल, ही चूक आहे, पुसून टाका. मला तसे वाटत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो, की काढलेल्या प्रत्येक डागाचा धनी मला सांगा. हा काळा ओघळ कुणाचा? "पावसाचा, गुरुजी." ठीक. ही काजळी कुणाची? "इंग्रजांच्या तोफांची." ठीक; मग ती वाड्यावर दाखव, पायथ्याच्या झोपडीवर नको. आणि पायरीच्या मधोमध ही खळगी कशाची? या प्रश्नाला एका मुलीने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. ती म्हणाली, "पाण्याच्या घागरी वर नेणाऱ्या बायकांची." गडाच्या इतिहासात तिने एका वाक्यात अशी माणसे आणून उभी केली, ज्यांची नावे कोणत्याही बखरीत शोधून सापडायची नाहीत. तो मातीचा किल्ला चार दिवसांनी पाण्याने विरघळला. पण मातीच्या पायरीवर अंगठ्याने दाबलेली ती खळगी मला दगडी शिलालेखाइतकीच खरी वाटली.

येथे गणिताच्या गुरुजींचा एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे. माझे सारे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तुमचे काका हयात आहेत म्हणून ठीक. घागरीवाल्या बायकांना कुठे विचारायला जाणार? तिथे तुम्ही कल्पनाच करणार ना? मग पुन्हा आले तिथेच." या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. कल्पना करावीच लागते. मात्र कल्पना दोन प्रकारची असते, असे मला वाटते. एक, जी विचारण्याचा कंटाळा करते. दुसरी, जी विचारायला गेली, पण दार उघडणारे कुणी उरलेले नव्हते. दुसरीला मी खोटी म्हणणार नाही. पण पहिलीला दुसरीचे नाव लावता येऊ नये, म्हणून तरी जिथे दार उघडणारे कुणी आहे तिथे आपण वेळेवर गेले पाहिजे.

आणि वेळ फार नाही. छोट्या गाडीच्या वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकलेले लोक आता सत्तरीच्या पुढे गेले. आमच्या नागपुरातल्या कापडगिरण्यांचे भोंगे बंद होऊनही वर्षे लोटली. साच्यावर उभे राहिलेले, धोट्यावर बोटे झिजलेले लोक अजून गल्लीबोळांत आहेत; ते गेले की त्यांच्या यंत्रांवर कोणता डाग कुठे होता हे सांगणारे कुणी उरणार नाही. कागदपत्रांत यंत्राचे वजन सापडेल, किंमत सापडेल, बसवल्याचे साल सापडेल. कोणता दांडा हाताने चमकला होता, ते सापडायचे नाही.

दिवाळीत घर भरते. मामा येतात, आत्या येतात, निवृत्त काका बैठकीत पेपर चाळीत बसतात आणि त्यांना बोलायला कुणी नसते. अंगणात पोरांचा किल्ला चाललेला असतो. तेव्हा त्या पोरांच्या हाती नुसता गेरू आणि कोळशाची पूड देऊ नका. त्यांना एकदा आत पाठवा. आजोबा कोणत्या यंत्रावर होते, आजीच्या जात्याचा खुंटा कोणत्या बाजूने झिजला होता, शेतातल्या विहिरीच्या काठावर दोराने किती खोल खाच पाडली होती, हे त्यांना विचारू द्या. मग त्यांनी हवा तेवढा मळ काढावा, हवी तेवढी झीज करावी. तो मळ कुणाचा तरी असेल.